ट्रान्सफॉर्मर कुठाय?

गणपतीच्या मखरावर जी माळ लावतो, तिच्या वायरीत एक छोटी प्लॅस्टिकची डबी असते. बटण दाबलं की माळेची लय बदलते, ती डबी. एकदा उघडून बघाच. आधी प्लग काढा, मग उघडा. आत बोटभर लांबीची एक पट्टी निघते. तिच्यावर चार डायोड, माळेची एकेक सर चालू-बंद करणारे तीन पायांचे एससीआर, दोन-तीन रेझिस्टर आणि मधोमध एक काळा, टणक, गोल ठिपका. त्या ठिपक्याखाली चिप आहे! आठ लयी तिला पाठ आहेत, बटण कधी दाबलं ते तिला कळतं, कोणती सर किती वेळ पेटवायची याचा हिशोब ती ठेवते. ही चिप जगते जेमतेम पाच व्होल्टवर. डबीत शिरणारी वायर मात्र थेट भिंतीतून आलेली, २३० व्होल्टची. आणि या दोघांच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर नाही. चार्जरसारखं काही नाही. लोखंडाचा ठोकळा नाही, तांब्याचे वेढे नाहीत. काहीच नाही!

मी पट्टी उलटसुलट करून पाहिली. मागे काही लपलंय का, वायरीत काही दडलंय का? नाही. सांगलीच्या गणपती पेठेतून आणलेल्या स्वस्तातल्या माळेत कुणीतरी २३० व्होल्टला पाच व्होल्टच्या चिपशी थेट बोलायला लावलं होतं, आणि ती दहा दिवस मखरावर न कुरकुरता नाचली होती. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नाही.

माझं माहेर सांगली, सासर सातारा. मी भौतिकशास्त्र शिकवते. माळेची पट्टी पर्समध्ये घालून मी साताऱ्यात पोवई नाक्यापलीकडच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. तिथले काका रेडिओच्या काळापासून सोल्डरिंग करत आलेले. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, हसले आणि खालच्या खोक्यातून डास मारायची एक बंद पडलेली बॅट काढली. मुठीतून दोन पिना बाहेर सरकवून जी थेट सॉकेटमध्ये खुपसतो, ती. स्क्रू काढले, मूठ उघडली. आत एक चौकोनी पिवळट कंडेन्सर, त्याला चिकटून एक रेझिस्टर, चार डायोड आणि छोटी बॅटरी.

“माळेत रेझिस्टरवर भागतं ताई, चिपला फार लागत नाही,” काका म्हणाले. “जरा जास्त करंट हवा असला, की हा घ्यायचा. हा कंडेन्सर म्हणजेच ह्याचा ट्रान्सफॉर्मर.”

बस, एवढं एकच वाक्य! घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात आकडे धावत होते. कपॅसिटर, म्हणजेच कंडेन्सर, एसी प्रवाहाला किती अडवतो याचं सूत्र अकरावी-बारावीच्या प्रत्येक मुलाला येतं: एक भागिले दोन पाय एफ सी. रिक्षाच्या भाड्यावर डोळा ठेवत मी मोबाईलवर हिशोब केला. ०.४७ मायक्रोफॅराड, ५० हर्ट्झ. उत्तर आलं सुमारे ६,७७० ओहम. २३० भागिले ६,७७०, म्हणजे साधारण ३४ मिलिअँपिअर. म्हणजे या तुकड्यातून ३४ मिलिअँपिअरच्या वर प्रवाह जाऊच शकत नाही, पुढे चिप असो नाहीतर नुसती तार. मग पुढे दाब पाच व्होल्टवर रोखणारा झिनर लावायचा, एक डायोड लावायचा, ४७० मायक्रोफॅराडचा एक साठवणीचा कपॅसिटर लावायचा, की चिपचं ताट वाढून तयार! डायोड एकच लावला, तर प्रवाहाचा अर्धाच भाग कामी येतो, साधारण १५ मिलिअँपिअर. आणि एटीटायनी८५ सारखी आठ पायांची चिप संथ गतीला ठेवली, तर मागते किती? सुमारे एक मिलिअँपिअर. चौदा उरले! त्यात एलईडी लावा, छोटा ट्रायॅक चालवा, काय हवं ते करा.

पण मला खरं वेड लावलं ते उष्णतेनं, म्हणजे तिच्या नसण्यानं. हेच ३४ मिलिअँपिअर नुसत्या रेझिस्टरनं अडवले असते, तर त्याच्यात साडेसात वॉटहून जास्त जळाले असते. बोट लावायची सोय नाही. कपॅसिटर तेच काम करतो आणि गार राहतो. सव्वादोनशे व्होल्ट स्वतःवर झेलून गार! कारण तो वीज खात नाही. शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणावी आणि दिवस मावळायच्या आत परत करावी, तसं तो सेकंदाच्या दोनशेव्या भागात वीज उसनी घेतो आणि पुढच्या दोनशेव्या भागात परत करतो. प्रवाह आणि दाब यांची पावलं एकमेकांपासून पाव आवर्तनानं हटलेली असतात, म्हणून देणं-घेणं फिटून जातं आणि बिलावर चढत नाही.

हे कळल्यावर घरात जिकडे पाहावं तिकडे तोच दिसू लागला. पंख्याचा जुना रेग्युलेटर आठवतो का? भिंतीवरचा तो काळा मोठा डबा, आत तारेचं वेटोळं, पंखा एकवर ठेवला की तापणारा. आताचा रेग्युलेटर बोटाएवढा असतो आणि तापत नाही. का? त्याच्या आत कपॅसिटर आहेत. एक नंबरला एक, दोन नंबरला दुसरा, तीनला दोन्ही मिळून. पॉवर कट झाला की शोधतो ती पिना बाहेर येणारी टॉर्च, तिच्यातही तो. स्वस्तातल्या झिरोच्या एलईडी बल्बमध्येही तोच.

आणि मग मीटर! दाराबाहेरचं विजेचं मीटर. पूर्वी त्यात चकती फिरायची, आता लाल दिवा लुकलुकतो. बऱ्याच मीटरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ३,२०० लुकलुकी म्हणजे एक युनिट. घरात फक्त ९ वॉटचा एक बल्ब चालू ठेवला, तर दिवा साधारण दोन मिनिटांतून एकदा मिचकतो. हे मोजणाऱ्या चिपला पाच व्होल्ट कोण देतं? मीटर उघडायला बंदी आहे आणि सील तोडणं गुन्हा आहे, म्हणून मी कंपन्यांचे आराखडे शोधले. अ‍ॅनालॉग डिव्हायसेसनं एडी७७५५ या मोजणी-चिपभोवती स्वस्त घरगुती मीटरचा जो नमुना आराखडा छापला, त्यात वीजपुरवठा हाच: फेजमधून कपॅसिटर, पुढे डायोड. स्थिर (चकती नसलेल्या) मीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकात मीटरच्या व्होल्टेज-भागानं स्वतः किती वीज घ्यावी याची मर्यादा दिली आहे, २ वॉट आणि १० व्होल्ट-अँपिअर. हे दोन वेगळे आकडे कशाला, हे आधी मला कोड्यात टाकणारं होतं. आता लख्ख दिसलं. खरी खपलेली वीज वेगळी आणि नुसती उसनवारीतली वेगळी, म्हणून दोन आकडे! आपल्या प्रत्येक दाराबाहेर हा धडा पेटीत बंद करून टांगलेला आहे.

सांगलीला जाताना कोयना एक्स्प्रेसमध्ये मी मायक्रोचिप कंपनीची दोन टिपणं वाचली. एक एएन९५४, ट्रान्सफॉर्मरशिवाय वीजपुरवठा कसा करायचा यावरचं. एकेका भागाचा हिशोब, रेझिस्टरचा मार्ग आणि कपॅसिटरचा मार्ग शेजारी शेजारी, कुठे काय परवडतं आणि कुठे काय जळतं, सगळं उघड मांडलेलं. आणि दुसरं एएन५२१. ते वाचताना कराड कधी गेलं कळलं नाही. त्यात म्हटलंय की विजेच्या लाईनची वायर चिपच्या पायाला सरळ जोडा! मध्ये फक्त एक मोठा रेझिस्टर, ५ मेगओहमचा. लाईनचं शिखर ३२५ व्होल्टचं, भागिले ५० लाख, म्हणजे ६५ मायक्रोअँपिअर. एवढासा प्रवाह चिपच्या पायाशी आतच बसवलेले संरक्षक डायोड सहज गिळतात. चिपला दिसतं फक्त एवढंच: आता लाट वर आहे, आता खाली आहे. एक, शून्य, एक, शून्य.

खिडकीबाहेर किर्लोस्करवाडी येऊन गेली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावचं बस्तान हलवून १९१० साली औंध संस्थानच्या या माळरानावर कारखाना उभा केला. नांगर, कडबा कापायची यंत्रं, पुढे पंप. आणि याच वाडीतून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’, म्हणजे पुढचं ‘किर्लोस्कर’ मासिक, निघालं. भट्टी आणि छापखाना एका आवारात! या पट्ट्यात यंत्र उघडून बघण्याला आणि बघितलेलं मराठीत लिहिण्याला शंभर वर्षांची परंपरा आहे. पट्टी मांडीवर, कागद हातात, आणि बाहेर ती वाडी. मला फार बरं वाटलं.

आता धोक्याबद्दल. हे मी मोठ्या आवाजात सांगणार आहे, कारण हा सगळा आनंद त्याच्यावर उभा आहे. ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्ट कमी करत नाही. तो घरातली वीज आणि आपलं बोट यांच्यात भिंत बांधतो. इथं ती भिंत नाही. चिपला पाच व्होल्ट मिळतात, पण ती चिप, तिचा प्रत्येक पाय, शेजारचं बटण, सगळं थेट लाईनवर तरंगत असतं. आपल्याकडे दोन पिनांचा प्लग कसाही उलटा बसतो, त्यामुळे आज ज्याला न्यूट्रल म्हटलं ते उद्या फेज असू शकतं. म्हणून अशा सर्किटला प्लग लावलेला असताना हात नाही, टेस्टरची घाई नाही, आणि लॅपटॉपची यूएसबी केबल तर कधीच नाही. लॅपटॉप जाईल आणि आपणही जाऊ. चिपमध्ये प्रोग्राम बाहेर भरायचा, मग ती सॉकेटमध्ये बसवायची, प्लॅस्टिकची पेटी स्क्रूनं बंद करायची आणि मगच प्लग.

कपॅसिटरसुद्धा कोणताही चालत नाही. अंगावर एक्स२ लिहिलेला आणि २७५ किंवा ३१० व्होल्ट एसीचाच हवा. लाईनवर आडवा बसवायलाच तो बनवलेला असतो. आतली फिल्म कुठे भेदली गेली, तर तेवढाच ठिपका जळून जागा बरी होते. प्रत्येक वेळी कणभर क्षमता घटते खरी, म्हणून वर्षांनंतर अशी सर्किटं अशक्त होतात. कपॅसिटरला समांतर एक मेगओहमचा रेझिस्टर हवाच. प्लग काढल्यावरही कपॅसिटर भरलेला राहतो आणि पिनेला बोट लागलं की झटका देतो. हा रेझिस्टर त्याला सेकंदाभरात ४० व्होल्टच्या खाली रिकामा करतो. लहान पाव वॉटच्या एका रेझिस्टरला साधारण २५० व्होल्टच सोसतात, म्हणून एकाच्या जागी दोन ओळीनं लावायचे, बेरीज तेवढीच ठेवून. सुरुवातीच्या धक्क्यासाठी आधी १०० ओहमचा रेझिस्टर, तोही फ्यूजसारखा तुटणारा. वीज कडाडते तेव्हाच्या उसळीसाठी एमओव्ही. आणि पंख्याचा अडीच मायक्रोफॅराडचा कंडेन्सर घरात पडलाय म्हणून लावू नका. त्यातून १८० मिलिअँपिअर येतील आणि झिनर काळा पडेल. शेतातल्या ४१५ व्होल्टच्या दोन फेजांमध्ये तर हा घरगुती आराखडा मुळीच न्यायचा नाही.

मी माझं सर्किट प्रयोगशाळेत जोडलं. टेबलावर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर ठेवून, एक हात पाठीमागे ठेवून, सोबत सहकारी उभे करून. प्लग लावला. एलईडी लागला! एवढ्याशा हिरव्या ठिपक्यासाठी मी टाळ्या वाजवल्या. मग व्हेरिअ‍ॅकवर दाब उतरवत नेला. २३०, २००, १७०. आमच्या गावाकडे उन्हाळ्यात, सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू झाल्या की दाब असाच खाली बसतो. १७० ला ट्यूबलाईट फडफडते, फ्रिज घरघरतो. माझ्या चिपला काही फरक पडला नाही. ३४ च्या जागी २५ मिलिअँपिअर आले, अर्धी लाट धरली तरी तिच्या गरजेच्या कितीतरी पट. तिचं पोट इतकं लहान आहे की रोडावलेली वीजही तिला पंगत वाटते.

पण सर्वांत मोठा आनंद पुढे होता. एएन५२१ मधला तो मोठा रेझिस्टर मी चिपच्या एका पायाला जोडला होता, आणि चिप लाटा मोजत होती. सेकंदाला ५० आवर्तनं, शून्य रेषा ओलांडण्याचे १०० क्षण. पन्नास आवर्तनं मोजून झाली की एलईडी मिचकवायचा, एवढाच प्रोग्राम. तो मिचकू लागला आणि माझ्या लक्षात आलं की हे घड्याळ आहे! या चिपच्या आत तिचं स्वतःचं घड्याळ असतं, पण कारखान्यातून निघताना ते १० टक्क्यांपर्यंत मागेपुढे असू शकतं. तासात सहा मिनिटं! त्यापेक्षा भिंतीतून येणारी लाट कितीतरी शिस्तीची. आपल्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायची असा नियम आहे. सगळ्यात खालच्या टोकाला सतत एक तास राहिली, तरी घड्याळ सात सेकंदांनीच मागे पडेल. म्हणजे एकाच वायरीतून चिपला अन्न मिळतंय आणि वेळही मिळतेय! ट्रान्सफॉर्मर लावून, गाळून, सपाट करून पाच व्होल्ट दिले असते, तर ही लाट आपण वाटेत पुसून टाकली असती. थेट जोडलं म्हणून ती चिपच्या पायापर्यंत जिवंत पोचली.

आणि ही वेळ देतो कोण? साताऱ्यात राहणाऱ्या माणसाला याचं उत्तर पाटण तालुक्याकडे बोट दाखवून देता येतं. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरतं, पोफळीच्या बाजूला जनित्रं फिरवतं. सगळे टप्पे मिळून सुमारे १,९६० मेगावॉट. चौथ्या टप्प्यात २५० मेगावॉटचे चार अजस्र संच, तेही जमिनीखाली. त्यांच्या फिरण्याचा ठेका तोच माझ्या आठ पायांच्या चिपचा ठेका. मागणी वाढली की ग्रिड किंचित मंदावतं, मग कोयनेसारखं जलविद्युत केंद्र झटपट हात देतं आणि वारंवारता सावरते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिडही बाकी देशाशी एका लयीत आलं. तेव्हापासून लुधियानाचा कारखाना, तमिळनाडूची पवनचक्की, चाळकेवाडीच्या पठारावरची पवनचक्की आणि सांगलीतला माझ्या दादाचा मिक्सर, सगळे एकाच लाटेवर आहेत. एवढं मोठं यंत्र, आणि त्याची नाडी तळहातावर मावणाऱ्या पट्टीला कळते. मी हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे येऊन उभी राहिली.

याला मर्यादा आहेतच. वायफायची चिप या मार्गानं चालत नाही. संदेश पाठवताना ती क्षणभर ३०० मिलिअँपिअर ओढते, त्यासाठी इतका मोठा कपॅसिटर लावावा लागेल की सगळी गंमत निघून जाईल. तिथे काडेपेटीहून लहान, सीलबंद, भिंत राखणारा तीन वॉटचा पुरवठा मिळतो, तो घ्यावा. जिथे माणसाचा हात सर्किटपर्यंत पोचणार, जिथे उघडा सेन्सर ओल्या मातीत किंवा टाकीच्या पाण्यात जाणार, तिथेही हा मार्ग नाही म्हणजे नाही. दादानं टाकीच्या पाण्याची पातळी दाखवणारं काहीतरी करून मागितलं, त्याला मी स्पष्ट नकार दिला आणि ट्रान्सफॉर्मरचंच करून दिलं. पण जे पेटीत बंद राहून मोजतं, मिचकतं, पंखा सावकाश करतं, दिवा वेळेवर लावतं, त्या सगळ्यासाठी या एवढ्याशा पिवळ्या पेटीवर माझा जीव जडला आहे.

आता दोन पेट्या तयार आहेत. एक साताऱ्यात माझ्या टेबलावर, एक दादाकडे विश्रामबागेत. दोन्ही स्क्रूनं बंद, दोन्हींत तीच चिप, तोच प्रोग्राम. दोघींना ठरल्या वेळी बटणावरून (लांब प्लॅस्टिकच्या दांड्याच्या, बाहेरून दाबायच्या) सुरुवात करून द्यायची आणि चोवीस तास लाटा मोजू द्यायच्या. दिवसभरात ४३ लाख २० हजारांच्या आसपास आकडा येईल. नेमका किती ते त्या दिवशी देशभर किती पंखे फिरले, किती मोटारी चालल्या यावर ठरेल. पण माझं म्हणणं असं आहे, की दोन्हीकडे वीज गेली नाही तर दोन्ही पेट्यांमध्ये वाढणारा आकडा एकच असला पाहिजे. बटण दाबण्यातला फरक वजा केला की सातारा आणि सांगली यांच्यात एका लाटेचाही फरक नको. क्षणभर वीज गेलीच, तरी साठवणीच्या कपॅसिटरवर चिप थोडा वेळ तग धरते, पण तेवढ्या लाटा निसटतात. म्हणून वीज गेली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. महावितरणचा देखभालीचा वार सोडून मुहूर्त काढला आहे. दादानं विचारलं, “आणि आकडा जुळला तर?” मी म्हटलं, “जुळला, तर तिसरी पेटी रत्नागिरीच्या मावशीकडे. तिच्या बाजूला तर पोफळीच आहे!”